चिमाजीच्या गुडघ्याची साक्ष

तीर्थरूप दाजींना कुंडलिकचा वाकून नमस्कार. ताईलाही नमस्कार, पण तिने तो घेतला की नाही ते मागाहून कळवा. तिची साखर, तुमचा खोकला आणि शेजाऱ्याने सरकवलेला बांध, तिन्ही आता जागेवर असतील अशी आशा करतो. इकडे ओतूरला सगळं ठीक. मी ठीक नाही असं शीलाचं म्हणणं आहे, पण ते लग्नापासून चालू आहे.

ताईचा राग मला मान्य आहे. दिवाळीनंतर मी जीप घेऊन पेठवरून गेलो आणि सख्ख्या बहिणीच्या दारात थांबलो नाही. वर तुम्ही चहाच्या टपरीबाहेर बसला असताना जीपमधल्या एका गोऱ्या म्हातारीने तुम्हाला हात केला, हेही तिच्या कानावर गेलं म्हणे (तुम्ही सांगितलं नसणार). दाजी, त्या बाईचा आणि तुमचा काही संबंध नाही, हे ताईला मोठ्याने वाचून दाखवा. बाईने हात केला तो चिमाजीला. चिमाजी त्या वेळी हयात नव्हता. हे नीट सांगायचं तर मला जरा मागून यावं लागेल. फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन ताई स्पीकरवर ठेवते.

माझा शाळेतला मित्र आदेश आता जुन्नरकडे पास्टर आहे. त्याच्या चर्चच्या ओळखीने कॅनडाहून काही मंडळी थोड्या दिवसांसाठी सेवेला आली. डोंगरातल्या एका वाडीवर शाळेच्या भिंती रंगवायच्या आणि लोकांमध्ये मिसळायचं, असं ठरलेलं होतं. जीप माझी, दुभाषीही मीच (तुमच्याकडे इंग्रजी शिकलो आणि तुम्हीच नापास केलं, हे मी आदेशला सांगितलं नाही). रंगाचं काम झालं, मिसळण्याचं काही जमेना. पाहुण्याच्या हातात ब्रश बघवेना म्हणून वाडीतले लोक ब्रश काढून घ्यायचे आणि चहाचा कप द्यायचे. पाहुण्यांनी विचारावं, तुमचं स्वप्न काय? आमच्या लोकांनी उलट विचारावं, तुम्हाला जमीन किती, आणि ही पोरगी एवढी उंच, हिचं लग्न का नाही केलं? दोन्ही बाजूंना मी वेगळंच काहीतरी सांगून वेळ मारून नेत होतो. चहा पिऊन पिऊन मंडळी पिवळी पडली.

खरं मिसळली एकटी डोरीबाई, तुम्हाला हात केला ती. वयाने सगळ्यांत मोठी, गुडघा धरलेला, म्हणून तिला भिंतीपाशी खुर्ची दिली होती. शेजारच्या दगडावर चिमाजी बसायचा. चिमाजी म्हणजे ज्याचा तांदूळ मी वर्षानुवर्षं जुन्नरच्या बाजारात नेला, तो. जीपमध्ये पुढची जागा त्याची, आणि त्याचाही गुडघा धरलेला. बाईने ऑपरेशनची खूण दाखवली, यानं धोतर वर करून आपली सूज दाखवली, आणि झालं. ती तिच्या भाषेत, हा याच्या. मी दुभाषेगिरी करायला गेलो तर चिमाजी म्हणाला, "तू गप ऱ्हा, आमचं चाललंय." बाई त्याला बाम चोळायची, हा तिला निरगुडीच्या पाल्याने शेकायचा. त्याची बायको लंकाबाई चुलीपासून बघून हसायची. म्हणायची, आमच्या म्हाताऱ्याला या वयात मैतरीण मिळाली.

मंडळी निघायच्या आदल्या सकाळी चिमाजीच्या मुलाचा, गोरखचा फोन आला. दादा गेला, एवढंच बोलला. चिमाजी रात्री झोपला तो उठलाच नाही. आदेश पुण्याला गेलेला, विचारायला कोणी नाही. मला वाटलं, एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला असं कोणी सांगतं का? रडतच विमानात बसेल बिचारी. म्हणून मी जीप वाडीकडे न नेता शिवनेरीकडे वळवली. गड दाखवला, लेणी दाखवली, द्राक्षाची बाग दाखवली. बाई सारखी विचारत होती, चिमाजी कुठं? मी म्हटलं, मुलीकडे गेलाय, पेठला. दाजी, गावाचं नाव घ्यायचं म्हटलं की माझ्या तोंडात ताईचंच गाव येतं.

तिने चिमाजीसाठी लोकरीची गुडघापट्टी विणली होती. तो आला की द्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुण्याला सोडायला निघालो तर मंचरच्या पुढे बोर्ड वाचून बाई म्हणाली, पेठ! थांबा, मी भेटून घेते. मी म्हटलं, मुलीने त्याला काल आळ्याला नेलं. आळं उलट्या दिशेला. तिला ते पटलं नाही. खिडकीला नाक लावून ती रस्त्याकडेच्या प्रत्येक टोपीवाल्यात चिमाजी शोधत राहिली. तुम्हाला हात केला तो असा. त्या दिवशी मी कोणत्या तोंडाने थांबणार होतो?

दहाव्याला वाडीवर गेलो. लंकाबाई जवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, बाईला आनलं नाय? मैतरीण येईल म्हनून दुपारपातूर ठिवला व्हता त्याला."

दाजी, मी म्हटलं, गाडी बंद पडली होती. दुसरं काही सुचलं नाही. खांदा द्यायचा तर मी गडावर फोटो काढत होतो. याचं मला लई वाईट वाटतं. रात्री जेवण जात नाही, आणि शीलाला वाटतं तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय. असो. ताईला समजावा. तुमच्या खोकल्याला अडुळसा घ्या.

आपला,
कुंडलिक

ता. क. – एक सांगायचं राहिलं. बाई तिकडून मोबाइलवर रोज विचारते, चिमाजीचा गुडघा कसा आहे, तिचं चर्च प्रार्थना करतंय. मी लिहीत गेलो, बरा आहे, अजून बरा आहे. मेलेल्या माणसाचा गुडघा दुखतोय असं तरी कसं लिहू? मग तिने पट्टी घातलेला फोटो मागितला. मी पट्टी माझ्या गुडघ्यावर चढवली आणि फोटो पाठवला (ऊब छान आहे). परवा आदेशने दाखवलं, तिकडच्या चर्चमध्ये मोठ्या पडद्यावर तो गुडघा झळकला, बाईने उभी राहून साक्ष दिली आणि लोकांचे डोळे भरून आले. माझा केसाळ गुडघा कॅनडात देवाची करणी म्हणून गाजतोय. आदेश माझ्याशी बोलत नाही. आणि बाई पुढच्या महिन्यात येतेय, एकटी, खास चिमाजीला भेटायला. तेव्हा तुमच्या चांगल्या इंग्रजीत तिला माझ्या नावाने एक पत्र लिहा, की चिमाजी मागच्या आठवड्यात शांतपणे गेला, गुडघा शेवटपर्यंत उत्तम होता.

दुसरा ता. क. – वरचं तसं लिहू नका. पाकीट चिकटवायच्या आधी वाडीवर जाऊन आलो. लंकाबाईला सगळं सांगितलं, पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती आधी धुवायला टाकली (मी घातली होती ना). गोरखने मला चहा विचारला नाही, दाजी. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. निघताना लंकाबाई म्हणाली, "तिला खरं कळीव. आन म्हनावं, तवा नाय आली, आता तरी ये. माझाबी गुडघा धरलाय."

तेवढंच लिहा. खरा दिवस घाला आणि माझी बाजू घेऊ नका.