ठेंगणी सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी माझ्या मागे लागलेले नाही आणि लागले असते तर मी ऐकले नसते. माझा डावा गुडघा तेवढा नवा बसवलेला आहे. त्याचा डोक्याशी संबंध नाही, असे गुडघ्याच्या डॉक्टरांनी लेखी दिले असून ते सोबत जोडले आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात गाडीचा उल्लेख "एक जुनी मोटार" असा होता, त्याची मला लाज वाटते.

माझी मिळकत येणेप्रमाणे: राहते घर, घराला लागून असलेले गॅरेज, बँकेतील ठेव, हत्यारे आणि ठेंगणी.

घर आणि गॅरेज माझ्या मुलाला द्यावे. तो एकुलता एक असल्याने यात वाद नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅरेजचे दार दिसते, ती खिडकी बुजवू नये. बँकेतील ठेव मी ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी केली तिथे द्यावी. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला येणाऱ्या बायकांची फी त्यातून भरावी. या बायका पहिल्या दिवशी "माझ्याच्याने काही व्हायचं नाही" म्हणतात आणि महिन्याभरात नवऱ्याला मागच्या सीटवर बसवतात. त्यांच्यासारखे विद्यार्थी नाहीत.

आता ठेंगणीविषयी. वकीलबाई म्हणाल्या, "गाडीचं एका ओळीत संपवा." मी म्हटले, एका ओळीत संपणारी गाडी असती तर तुम्हाला बोलावलेच नसते. सबब हे कलम लांबेल.

ठेंगणी ही दिसायला बाजारहाटाची छोटी गाडी आहे. मागचे दार वर उघडते, पिशव्या टाकल्या की झाले. पण तिचे चाकांवरचे पत्रे गालात हवा भरल्यासारखे फुगलेले आहेत, आणि साध्या गाडीत इंजिन दोनच चाके फिरवते, तसे हिचे नाही. पुढची चाके ओढतात, मागची ढकलतात, चारही कामाला. इंजिनावर टर्बो आहे, म्हणजे आत जास्तीची हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा. तो जागा व्हायला क्षणभर लावतो, आणि जागा झाला की पाठीत कोणीतरी गुद्दा घातल्यासारखी गाडी सुटते. अशा गाड्या कंपनीने हौसेने बनवल्या नाहीत. शर्यतीत उतरायचे तर काही गाड्या सामान्य गिऱ्हाइकाला विकल्याच पाहिजेत असा नियम होता, म्हणून नियमापुरत्या बनवल्या आणि साचे मोडून टाकले. कंपनीही पुढे बुडाली.

मी तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा नवी नवी शिक्षिका होते. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली फक्त ब्रेक असतो. दिवसभर दुसऱ्याने गाडी पळवायची आणि मी थांबवायची, असा माझा धंदा. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे डोंगरात फिरायला गेलो होतो. तिथे शर्यत चालली होती हे आम्हाला ठाऊक नव्हते. धुक्यातून आधी आवाज आला, मग दिवे, आणि ओल्या वळणावर ही एवढीशी गाडी आडवी होऊन, चिखल उडवत, सरळ झाली आणि गेली. माझ्या कोटावर चिखल. हे म्हणाले, "अगं, कोट!" मी म्हटले, "असली गाडी मला पाहिजे."

"आपल्याकडे स्कूटर आहे," हे म्हणाले. माझे यजमान चष्म्याच्या दुकानात होते. समोरच्याला आहे ते स्वच्छ दाखवायचे, ही त्यांची सवय.

पुढे बरीच वर्षे नोकरी, मुलगा, सासूबाईंचे आजारपण यांत गेली. मी गाडी विसरले नाही, फक्त बोलायचे सोडले. मग एक दिवस दूध घालायला येणारा गवळी बोलता बोलता म्हणाला, "बाई, आमच्या शेडात एक चपटी गाडी पडली आहे. कोंबड्या अंडी घालतात तिच्यात." मी शिकवणी अर्ध्यावर सोडून गेले. कोंबड्यांना उठवले. फुगलेले गाल पाहिले आणि तिथेच किंमत विचारली.

गाडी मिळाली, पण तिला मागचा रेटा नव्हता. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्टच गायब. आवाज करतो म्हणून कोणीतरी काढून टाकलेला. कंपनी बुडालेली, त्यामुळे सुटा भाग मिळणे नाही. मी गावोगावच्या भंगारवाल्यांकडे फिरले. शेवटी पुन्हा गवळ्याकडे गेले आणि हाताने लांबी दाखवून विचारले, "एवढा लोखंडी दांडा पाहिलात का हो कुठे?"

तो हसायलाच लागला. "बाई, त्याला टेकूनच उभ्या आहात की!"

गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून तो शाफ्ट लावलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी त्याला नवा मजबूत अडसर करून दिला आणि शाफ्ट मांडीवर घेऊन बसने घरी आले. कंडक्टरने तिकीट मागितले नाही, नुसते माझ्याकडे पाहिले.

येथे माझ्या धाकट्या दिरांचा उल्लेख करणे भाग आहे. मी गॅरेजमध्ये गाडीखाली असताना भाऊजी रोज वेताची खुर्ची टाकून बसत आणि मिशीला पीळ देत. "वहिनी, या वयात लोक नातवंडांची वाट बघतात." "वहिनी, हा डबा हलला तर मी मिशी उतरवीन." मी खालून म्हणायची, "भाऊजी, घाटाच्या शर्यतीत पहिली आणीन. तेव्हा उतरवा, घाईत कशाला?" ते इतके हसले की खुर्चीचा एक पाय मोडला. तो मीच बसवून दिला.

घाटाची शर्यत म्हणजे गाड्या एकेक सोडतात आणि वरच्या गावापर्यंत कोण कमी वेळात पोचते ते घड्याळ ठरवते. शेजारच्या सीटवर वळणे वाचून दाखवणारा माणूस लागतो. ह्यांना गाडी लागायची. तरीही हेच बसले. खिशात कापलेले लिंबू ठेवले आणि म्हणाले, "दुसरा कोणी तुला चुकीचं वळण सांगेल. मी फार तर ओकेन."

त्या दिवशी सकाळी गारा पडल्या. रस्ता पांढरा झाला. मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्या पहिल्याच चढावर जागच्या जागी चाके फिरवू लागल्या. एक तर उलटी खाली आली. शर्यत भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी छत्री घेऊन माझ्या काचेशी आले. "बाई, राहू द्या आज. तुमची गाडी बाजाराला जायची."

"बाजार वरच्या गावातच आहे," मी म्हटले आणि काच वर केली.

त्यानंतरचे मला अजून तळपायांना आठवते. झेंडा खाली आला, मी क्लच सोडला, आणि ठेंगणी घसरली नाही. पुढची चाके जरा चाचपडली, मागच्यांनी रेटा दिला. हे एका हाताने लिंबू नाकाशी धरून वाचत होते, "डावं, मोकळं... आता उजवं, आवळतंय, आवळतंय, आत दगड आहे!" प्रत्येक वळणाआधी मी पाय थोडा उचलायची, टर्बो झोपी जायचा, आणि वळणाच्या पोटात असतानाच मी पुन्हा पाय द्यायची, म्हणजे बाहेर पडताना तो जागा असे. हे मला कोणी शिकवले नव्हते. आयुष्यभर मी ब्रेकवर पाय ठेवून दुसऱ्यांच्या चुका पाहिल्या होत्या, त्या सगळ्या मी त्या दिवशी केल्या नाहीत.

वर पोचल्यावर घड्याळवाल्याने घड्याळ हलवून पाहिले, कानाशी लावले. मग तो टेबल सोडून पावसातच आमच्याकडे धावत आला. आम्ही पहिले आलो होतो. नुसते छोट्या गाड्यांत नव्हे, सगळ्यांत. हे दार उघडून उतरले, कठड्यापाशी जाऊन ओकले, तोंड पुसले आणि माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "पुन्हा जायचं?"

भाऊजी शब्दाचे पक्के निघाले. दुसऱ्या दिवशी मिशी उतरवून आले. जाऊबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचा वरचा ओठ पाहिला आणि मिशी बरी होती असे मत दिले. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीला कठड्यावर उभे राहून सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा माणूस म्हणजे भाऊजी. सबब ती वेताची खुर्ची मी त्यांना देते. चौथा पाय जपून वापरावा.

पुढच्या वर्षी कोरड्या रस्त्यावर ठेंगणीने छोट्या गाड्यांचा विक्रम केला. वरच्या गावात क्लबचा फलक आहे, त्यावर माझे नाव रंगवले गेले. हे जाईपर्यंत आम्ही दोघे दरवर्षी ते बघायला जायचो. हे चष्मा पुसून वाचायचे, जणू बदलले असेल.

मग माझा गुडघा गेला आणि क्लच दाबणे संपले. माझा मुलगा विमा कंपनीत आहे. दुसऱ्यांवर काय काय संकटे येऊ शकतात याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळतो आणि घरी तो ते फुकट करतो. पोर वाईट नाही, धास्तावलेले आहे. तो एका संग्राहकाला घेऊन आला. त्यांच्याकडे काचेच्या दालनात पांढऱ्या फरशीवर अशा गाड्या ओळीने उभ्या आहेत. गृहस्थ सभ्य. ठेंगणीभोवती चप्पल काढून फिरले.

"किंमत तुम्ही सांगा, मॅडम. मी घासाघीस करणार नाही."

"चालवाल ना?" मी विचारले.

"छे, छे! पेट्रोलसुद्धा काढून ठेवतो आम्ही. एकदा आत गेली की एक ओरखडा येणार नाही."

"फुलपाखराला टाचणी टोचून ठेवतात, त्यालाही ओरखडा येत नाही."

मुलगा म्हणाला, "आई, अगं, तू तर आता चालवू शकत नाहीस. नुसती उभीच आहे ना?"

ते खरे होते, हे कबूल. तेव्हा दारातून माझी सून म्हणाली, "मी चालवीन."

माझी सून आधी माझी विद्यार्थिनी होती. परीक्षेत दोनदा नापास झाली. क्लच सोडताना श्वास रोखून धरायची. तिसऱ्यांदा पास झाली आणि आनंदाच्या भरात माझ्या मुलाला हो म्हणाली. आता ती बेकरीची व्हॅन चालवते. उतारावरच्या गल्ल्यांतून, पावाचे ट्रे न हलवता. ट्रे न हलू देणारा हात मी ओळखते.

"तू?" मुलगा म्हणाला. "घाट?"

"रोज पाव पोचवते, तेव्हा तू विचारतोस का?" ती म्हणाली. संग्राहकांनी चप्पल घातली.

तिला मी वर्षभर शिकवले. कठोर शिकवले, सासू म्हणून नव्हे. "श्वास घे," एवढेच प्रत्येक वळणाला ओरडत होते. गेल्या रविवारी ती शर्यतीत उतरली आणि वळणे वाचायला मी शेजारी बसले. अर्ध्या चढावर मी वाचणे थांबवले, कारण मी सांगायच्या आत तिचे हात वळत होते. मी नुसती बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा दुसरे कोणी चालवत असताना माझा पाय ब्रेक शोधत नव्हता.

माझा विक्रम मोडला. थोडाथोडका नाही, चांगला मोडला. माझा मुलगा, ज्याने सकाळी मला तीनदा पट्टा तपासायला लावला होता, तो कठड्यावर चढून "माझी बायको आहे ती!" असे अनोळखी लोकांना सांगत होता. भाऊजींचा आवाज बसला. संग्राहक आले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला म्हणाले, "उभ्या गाडीत हे दिसत नाही."

सबब ठेंगणी मी माझ्या सुनेला देते. तिच्या एकटीच्या नावे, पूर्ण मालकीने. माझ्या मुलाचा तिच्यावर हक्क नाही. माझी सर्व हत्यारे मात्र, पान्यांच्या संचासह, मुलाला देते. गाडी तिची, पाने त्याचे, म्हणजे भांडण झाले तरी बोलावे लागेल. गाडी विकायची झाल्यास चालवणाऱ्यालाच विकावी. तिला ओरखडे पडले तर पडू द्यावेत. ती मोडली तरी चालेल, पण चालता चालता मोडावी.

शेवटचे. काल क्लबने फलक रंगवायला रंगारी पाठवला. मी आणि सून दोघी वर गेलो होतो. तो हातात ब्रश घेऊन शिडीवर अवघडून उभा राहिला. म्हणाला, "आजी, तुमचं नाव खोडायचं जिवावर येतं. खाली बारीक अक्षरात राहू देऊ का?"

सून म्हणाली, "हो, राहू द्या ना!"

"अजिबात नाही," मी म्हटले. "खोड. आणि तिचं मोठं काढ, रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

शिडी डुगडुगत होती. ती मी धरली.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि कुठेही बदलला नाही.

सही: (चष्म्याच्या दुकानातल्यांची बायको, ठेंगणीची पूर्वीची चालक)

साक्षीदार पहिले: वकीलबाई. यांनी पूर्ण ऐकून घेतले व चहा दोनदा घेतला.
साक्षीदार दुसरे: गुडघ्याचे डॉक्टर. शिडी धरल्याबद्दल यांची हरकत असून ती नोंदवली आहे.

स्थळ: राहत्या घरचे जेवणाचे टेबल
दिनांक: शर्यतीनंतरचा पहिला शनिवार