घेणारा हयात नाही, परत

शनिवार, ९ मे

तीर्थस्वरूप पोस्टातल्या मावशींना,
बूटवाल्याचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? गुरुवारी तुम्ही आला नाहीत, पण तुमच्या स्टुलावर दिवसभर कोणाला बसू दिलं नाही. एक धिप्पाड गिऱ्हाईक टेकायला निघालं, तर आमची सौ. म्हणाली, "ते मोडकं आहे हो." खोटं बोलण्यात आमचं घर तसं तरबेज. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

बातमी चांगली आहे. परवा एक नाच शिकवणाऱ्या बाई आल्या, घोटा सुजलेला. म्हणाल्या, "ईमेल पाठवू का, असं तुम्ही आधी विचारलंत. असं कोणी विचारत नाही, म्हणून आले." त्यांच्या पायाचं माप घेताना तुमची फार आठवण झाली.

तुम्ही दुकानात पहिल्यांदा आलात तो दिवस आठवला की अजून घाम फुटतो. मी तेव्हा एका दलालाकडून पत्ते विकत घेऊन, त्यात माझ्या गिऱ्हाइकांचे मिसळून, अकरा हजार जणांना बुटांच्या ईमेली धाडत होतो. तुम्ही त्यातल्या तेवीस छापून आणल्या होत्या. गठ्ठा काउंटरवर ठेवलात. प्रत्येकीच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं लिहिलेलं, "घेणारा हयात नाही. परत." खाली तारीख आणि सही.

"तीस वर्षं पोस्टात टपाल लावलंय," तुम्ही म्हणालात. "परत करताना कारण लिहावं लागतं. नाहीतर पाठवणाऱ्याला कळणार कसं? मी ईमेलनंही हेच कळवलं होतं तुम्हाला. तेवीस वेळा."

ती उत्तरं ज्या पेटीत जात होती, ती मी कधी उघडतच नव्हतो.

तुमचे यजमान जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यांचा पत्ता तुम्ही चालू ठेवला होता, कारण जहाजावर इंजिनिअर असलेली तुमची लेक बाबांच्या वेळेपासून तिथेच लिहिते. माझ्या बुटांच्या जड जड फोटोंनी त्या पत्त्याची पेटी तुडुंब भरली. लेकीची पत्रं परत जाऊ लागली. भर समुद्रात तीन आठवडे त्या पोरीचा जीव टांगणीला लागला, की आईचं काही बरंवाईट तर झालं नाही? बंदराला लागताच तिनं फोन केला आणि तुम्ही "हॅलो" म्हणताच ती रडायला लागली.

हे तुम्ही सांगितलंत आणि मी शिव्या खायला मान खाली घालून उभा राहिलो. तुम्ही स्टूल ओढलंत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "यादी काढा. बघू."

तीन दुपारी आपण ती यादी चाळली. प्रत्येक नावाला एकच प्रश्न, "यानं स्वतः पत्ता दिला का?" अकरा हजारांतले दोनशे बारा उरले. माझं तोंड एवढंसं झालं. वर तुम्ही त्या दोनशे बारांनाही विचारायला लावलंत, "पाठवत जाऊ का?" एक्याऐंशी जण हो म्हणाले. आज दुकान चालतं ते त्यांच्यावर. बोलावून घेतलेल्या पाहुण्यासारखं वागवतात मला.

आता ज्यासाठी कागद घेतला, आणि तीनदा फाडला, ते लिहितो.

दुसऱ्या दुपारी तुम्ही हसत म्हणालात, "ईमेलीच्या खाली नाव काढायचं बटण होतं. मी दाबलंही होतं हो. पण मला मेलीला यातलं काय कळतंय! माझंच काहीतरी चुकलं असणार, कारण त्यानंतर तर रोज यायला लागल्या." लेकीलाही तुम्ही तेच सांगितलंत, की आईच्या हातून गोंधळ झाला. मी समोर होतो. मूग गिळून बसलो.

मावशी, तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही बटण बरोबर दाबलंत. बटणच खोटं होतं.

ते दाबलं की "आपले नाव काढले आहे, आभार" अशी पाटी यायची, आणि मला आतून कळायचं की या पत्त्यावर कोणीतरी खरंच वाचतंय. मग त्याला आठवड्याला एकऐवजी रोज एक. युक्ती दलालाची, पण लावली मी, डोळे उघडे ठेवून. तुम्ही "घेणारा हयात नाही" असं लिहीत होतात, आणि माझ्या यादीत तुमच्या यजमानांपुढे "हमखास वाचणारा" अशी खूण होती. मला याची लाज वाटते. तुम्ही इतक्या मायेनं माझं दुकान सावरलंत, त्या प्रत्येक गुरुवारी वाटत होती.

ते बटण आता खरं आहे. सौ.नं स्वतःचं नाव काढून पाहिलं. आठ दिवसांत एकही ईमेल नाही. म्हणते, घरात इतकी शांतता कधी नव्हती. ज्यांनी जुनं बटण दाबलं होतं, त्या सगळ्यांना माफीची ईमेल पाठवावी असं मनात आलं. मग तुमचा प्रश्न आठवला. त्यांनी ती मागितली आहे का? नाही पाठवली. पत्ते पुसून टाकले.

तुमच्या लेकीसाठी वेगळा कागद सोबत ठेवला आहे. त्यात एवढंच आहे, की चूक आईची नव्हती. तुम्हाला पटलं तरच तिला द्या.

मावशी, मला बूट शिवायला वडिलांनी शिकवलं. गिऱ्हाइकाच्या दारात कसं उभं राहायचं, ते तुम्ही शिकवलंत. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडून मोकळं व्हावं असं वाटतही नाही.

हे पत्र ठेवायचं नसेल, तर कोपऱ्यात कारण लिहून परत करा. या वेळी मी ते वाचीन. नाहीतर गुरुवारी स्टूल रिकामंच आहे.

न मागता लिहिलेलं हे माझं शेवटचं पत्र.

तुमचा ऋणी,
बूटवाला