नवमीच्या पानावर कोण बसणार

प्रिय येसूआजी,

खरं म्हणजे तू माझी आजी नाहीस, खापरपणजी आहेस. पण खापरपणजीला पत्रात काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात पत्र लिहिणारी मी पहिलीच. शाळेत गेलेलीही पहिलीच. तेव्हा चुकलं तर सांभाळून घे.

काल लोणीला तुझी नवमी झाली. आज मी ओतूरला, सासरी परत आले. शाळा सुटलीय, पोरं गेलीत, आणि मी रिकाम्या वर्गात बसून तुला लिहितेय. घरी बसले असते तर आमच्या ह्यांनी विचारलं असतं, "एवढं लांबलचक कुणाला?" मी मेलेल्या बाईवर रुसलेय, हे नवऱ्याला कसं सांगायचं? नुसती रुसले असते तर सांगितलंही असतं. पण मला हेवा वाटतोय, येसूआजी. तोही सत्तरी गाठलेल्या एका बाईचा.

लहानपणी मला तुझ्याविषयी एवढंच माहीत होतं. तू लोणीच्या मेंढरंवाल्या धनगराची बायको. नवऱ्यानं तुझ्यावर दुसरी आणली. तू तिला विहिरीत ढकललंस. सरकारनं तुला काळ्या पाण्यावर धाडलं. तुझा धोंडू, म्हणजे माझे पणजोबा, तेव्हा नुकता पळायला लागला होता. त्याला चुलतीनं वाढवलं.

काळ्या पाण्यावर गेलेलं माणूस माघारी येत नाही. म्हणून घरानं तुला मेलीच धरलं. आणि नवरा हयात असताना गेलीस, म्हणून पितरांच्या पंधरवड्यातली नवमी तुझी. तुझ्या नवऱ्यानं पुढच्याच भाद्रपदात धोंडूच्या हातानं तुझ्या नावाचं पान मांडलं.

तू जिवंत होतीस ग! तिकडं बेटावर तू दळत असशील, नाहीतर कापूस पिंजत असशील, आणि इकडं तुझं पोर तुझ्या नावानं कावळ्याला बोलावत होतं. तुला ठसका तरी लागत होता का?

नवमीला आमच्याकडे एक सवाष्ण जेवायला बसवतात. जेवून उठेपर्यंत ती येसू. तिच्या पाया पडायचं, ओटी भरायची, ती "नको" म्हणेपर्यंत वाढत राहायचं. माझ्या लहानपणी शेजारच्या पारूकाकू बसायच्या. एरवी आमच्या अंगणातली कोंबडी हाकलणाऱ्या पारूकाकू त्या दिवशी पाठ ताठ करून, डोळे खाली घालून बसायच्या. मी उंबऱ्याशी बसून बघायची. मला वाटायचं, आता त्यांच्या तोंडून तूच काहीतरी बोलशील. पण त्या फक्त म्हणायच्या, "कढी लई झाक झालीया."

"मला कधी बसवणार?" मी माझ्या आजीला विचारायची. गंगूआजी म्हणजे तुझ्या धोंडूची सून. ती म्हणायची, "लगीन होऊ दे तुजं. मग लेकीचा मान तुजाच."

माझं लग्न गेल्या वैशाखात झालं.

पण तुला शोधून काढलं, ते लग्नाच्या आधी. आमच्या गावचे बबनभाऊ फौजेत. त्यांची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. तिथं ते भाड्यानं राहायचे त्या घरच्या म्हातारीनं गाव विचारलं. "लोणी" म्हटल्यावर ती म्हणाली, "खंडोबावाली लोणी? धामणी के पास?" बबनभाऊ सुट्टीवर आले तेव्हा हे पारावर हसत हसत सांगत होते. मी त्यांच्या हातातला चहा थांबवला. म्हटलं, "भाऊ, त्या बाईला धामणी कुठनं ठाऊक?"

"तिची नानी हिकडली व्हती म्हणं. येसूबाई नावाची."

चहा कुणी प्याला, मला आठवत नाही.

मग दोन वर्षं मी, लग्नाआधी मंचरच्या आणि नंतर ओतूरच्या, एसटी स्टँडवरच्या बूथवरून कौसल्याबाईंना फोन करत होते. तुझ्या लेकीची लेक ती. तुला तिकडं लग्नाची परवानगी मिळाली, बुंदेलखंडाकडचा एक कैदी तू पसंत केलास, तुम्हाला जमिनीचा तुकडा मिळाला, नारळ लावलेत, एक मुलगी झाली. हे सगळं मला त्या काचेच्या खोक्यात उभं राहून कळत गेलं. माझं हिंदी शाळेतलं आणि टीव्हीवरचं. एक वाक्य कळलं नाही तर मी तीनदा विचारायची. चुकीचं समजून घेऊन तुझ्यावर अन्याय नको, असं मला वाटायचं. बघ, तेव्हा मला तुझी किती काळजी होती!

आणि मग हळूहळू पोटात दुखायला लागलं.

तू कौसल्याच्या केसांना खोबरेल चोळायचीस. तू तिला मराठीत शिव्या द्यायचीस. तू तिला हुलग्याचं माडगं करून घालायचीस, आणि तिला ते आवडायचं नाही! तुझ्या हातावर काय गोंदलेलं होतं, ते तिला माहीत आहे. तू हसताना तोंडावर पदर धरायचीस की नाही, हेसुद्धा तिला माहीत आहे. (धरत नव्हतीस.) माझ्या पणजोबांना, तुझ्या पोटच्या पोराला, तुझा चेहरा आठवत नव्हता. गंगूआजी सांगते, म्हातारपणी ते प्रत्येक नवमीला जेवणारणीकडे टक लावून बघत बसायचे. आता कळतं का बघायचे.

तू कौसल्याला लोणीतली चिंच सांगितलीस. खंडोबा सांगितलास. तुझी एक मेंढी होती, कान फाटलेली, भिंगरी नावाची, ती सांगितलीस.

धोंडू सांगितला नाहीस.

मी फोनवर तिला म्हटलं, "नानी का एक बेटा था यहाँ." पलीकडे ती इतका वेळ गप्प राहिली की बूथवाला म्हणाला, "मॅडम, लाईन चालूय, बोला की."

मेंढीचं नाव, येसूआजी! मेंढीचं नाव घेतलंस, आणि पोराचं नाही? मी याचा खूप विचार केला. कदाचित ते नाव तुझ्या तोंडून निघत नसेल. मला कुणी असं समजावलं की मी मान डोलावते, आणि मग पुन्हा भिंगरी आठवते.

दुसरी एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली. तिच्या घरात सगळ्यांना वाटत होतं, तू गोऱ्या साहेबाला मारलंस म्हणून तुला नेलं. तिचे नातू शाळेत तसं सांगायचे. एकदा ती सहज बोलून गेली, "नानी कुएँ पर कभी नहीं जाती थी. पानी हमेशा नाना लाते थे." मला सगळं कळलं. तिला काही कळलं नाही. खरं सांगावं असं शंभरदा मनात आलं. पण दर वेळी मी स्वतःला विचारायची, हे तू खऱ्यासाठी सांगणार आहेस, की तिची नानी जरा कमी व्हावी म्हणून? उत्तर सापडायचं नाही. मग मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवायची.

यंदा ती आली. बोटीनं, रेल्वेनं, मंचरहून जीपनं, नवऱ्याला घेऊन. बारीक चणीची, कपाळभर कुंकू. जीपमधून उतरली ती थेट चिंचेकडे गेली. मला आधी भेटली नाही. मी शोधलं होतं तिला!

नवमीच्या आदल्या दिवशी मी माझी हिरवी साडी काढून ठेवली होती. गंगूआजीनं बघितली आणि म्हणाली, "सुरे, उद्या कौसल्याबाईला बसवू."

"आणि मी?"

"तू घरचीच हाईस."

"आजी, तू कबूल केलं होतंस. आणि शोधलं कुणी? मी."

"शोधलंस म्हंजी उपकार केलंस का? त्या बाईच्या डोक्यावरनं येसूबाईचा हात फिरलाय. तुज्या फिरलाय का?"

आई पुरण वाटता वाटता म्हणाली, "पुढल्या साली बस की. नवमी काय पळून चाललीया व्हय?"

मी साडी पुन्हा पेटीत ठेवली. घडी नीट घातली. मला वाकडी घडी चालत नाही, कितीही राग आला तरी.

तर काल ती तुझ्या पानावर बसली, आणि मी वाढत होते. गंगूआजी तिच्यासमोर बसून मालिकेतलं हिंदी बोलत होती. "खाव, खाव. शरमाव मत. ये तुमारा ही घर है." कौसल्याबाई हसल्या. (पदर न धरता.) पुरणपोळी दुधात बुडवून खाल्ली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नानी यहाँ होती तो कितना अच्छा होता. अंग्रेज़ों से लड़कर गई थी बेचारी."

माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी काही बोलले नाही, हे तुला शपथेवर सांगते.

गंगूआजी बोलली. "अंग्रेज? अंग्रेज कुठला ग बाई! सवत. सवत को कुएँ में ढकल्या उसने."

आई चुलीपाशी जागच्या जागी थांबली. ओट्यावर कौसल्याबाईंचे यजमान मेंढरं बघत बसले होते, त्यांनीही मान वळवली. मला काय वाटलं सांगू? आधी भीती वाटली, मग लाज. आणि या दोन्हींच्या मधे, अगदी क्षणभर, बरं वाटलं.

मला वाटलं ती उठेल. पानावरून जेवणारीण उठली तर पितर उपाशी जातात. आईनं तेवढ्यात देवाला हात जोडलेसुद्धा. पण ती उठली नाही. हातातला घास तिनं खाल्ला. पाणी प्यायली. मग हळू विचारलं, "और वो दूसरी? उसका पत्ता कहाँ लगता है?"

पत्ता म्हणजे पान. कुणालाच आधी उमगलं नाही. मग गंगूआजी म्हणाली, "तिला पोरबाळ नव्हतं. कोण करनार तिचं?"

"नाम क्या था?"

"नाव कुनाला ठावं? सवतच म्हनायचं समदे."

येसूआजी, मी शाळेत प्रत्येक पोराला सारखा खडू मिळाला का, ते बघते. मिळाला नाही तर मला झोप लागत नाही. आणि या घरात मी जन्मापासून नवमीचं एक पान बघतेय. नवरा जिवंत असताना खरोखर या गावात मेली, ती तर दुसरीच होती! तू तर तेव्हा मेलीही नव्हतीस. आणि मेलीस तीसुद्धा सवाष्णच म्हणे, पण दुसऱ्याची. हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. मी आपली तू कुणाची, तिची का माझी, याच हिशेबात. आणि हा प्रश्न विचारला कुणी? तिनेच. तोही मला उरू दिला नाही तिनं. याचासुद्धा मला हेवा वाटला, काय करू?

पाया पडायची वेळ आली तेव्हा मी वाकले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. जड होता, खरखरीत. तुझा असाच होता का, हे मी तिला विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

आज सकाळी निघण्याआधी मी गंगूआजीशी भांडले. म्हटलं, पुढच्या वर्षी दोन पानं. ती म्हणाली, "वैरिणी शेजारी शेजारी? घास उतरंल का त्यांच्या घशाखाली?" म्हटलं, न उतरला तर तो त्यांचा प्रश्न, पान मांडणं आपलं काम. तिनं पुरणाचं पातेलं उचलून त्याचा तळ बघितला. मग म्हणाली, "दोन पानं म्हंजी पुरण वाढवावं लागंल." म्हणजे कबूल.

तर येसूआजी, हा माझा शब्द. पुढच्या नवमीला तुझ्या पानावर कौसल्याबाई बसोत, नाहीतर पारूकाकू बसोत. मी बसणार नाही. पुढच्या वर्षीही नाही, कधीच नाही. मी तुझ्या शेजारच्या पानावर बसणार, नाव नसलेल्या त्या बाईच्या. दोन वर्षं तुझ्यासाठी जळून माझी चांगली तयारी झालीय, सवत म्हणून मी शोभेन. पोळी आधी तिला वाढायची, मग तुला. हेही ठरवून घेतलंय.

तू जेव शांतपणे. पण मधेच एकदा मान वर करून तिच्याकडे बघ.

धोंडूच्या नातवाची लेक,
सुरेखा