गोळी न देता नेलं

प्रिय दादू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर कागद पाठवतेय. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लागेल तसं वाच. पण शेवटपर्यंत वाच. फाडायचा तर नंतर फाड.

मी अजून लॉन्ड्रीत इस्त्रीवरच आहे. मालक तसाच चिकट, वाफेचा नळ गळतोय तो गळतोयच. चिमीला चौदावं लागलं. तुझा जुना शर्ट घालून झोपते, धुवायलाही देत नाही.

डास अजून छळतात तिला. जाळी लावली, तरी महिन्यापूर्वी एक मेला आत शिरलाच. हातावर लिंबाएवढी सूज, मग फोड, मग मधे काळं पडलं, आणि ताप चार दिवस हटेना. दरवेळी हेच. आणि दरवेळी मी काय करायची, तेही तुला ठाऊक आहे. दवाखान्यात न्यायच्या आधी तापाची गोळी, जखमेवर पट्टी, वर लांब बाह्यांचा कडक इस्त्रीचा ड्रेस. लोकांचे कपडे कडक करणाऱ्या बाईची पोर गबाळी दिसायला नको ना. डॉक्टर बघायचे, अंगात ताप नाही, पोर टापटीप. म्हणायचे, ॲलर्जी आहे, मलम लावा. मी खूश.

दोन वर्षांपूर्वी तू त्यांच्यासमोरच बोललास, "आईने गोळी देऊन आणलंय, बाही वर करून बघा, हे नुसतं डासाचं नाही." माझं तोंड एवढंसं झालं. बाहेर रस्त्यात तुझ्या कानाखाली वाजवली. बोल्ट आवळणारा मला डॉक्टरकी शिकवतो म्हटलं, परत तोंड दाखवू नको म्हटलं. जन्मात माझं कधी ऐकलं नाहीस, तेवढं मात्र ऐकलंस.

या वेळी गोळी न देता नेलं. तापाने फणफणलेली, फोड उघडा, केस विस्कटलेले. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण बघताच खुर्चीतून उठली. रक्त काढलं, मानेतल्या गाठीचा तुकडा काढला. ती म्हणाली, एक विषाणू बहुतेकांच्या अंगात असतो, गप पडून असतो. हिच्या अंगात तो वर्षानुवर्षं गप बसलाच नाही. डास नुसतं निमित्त, चावला की बिघडलेल्या पेशी उसळतात. आता गाठीत कॅन्सर सुरू झालाय. लिम्फोमा. नाव कागदावरून उतरवलंय.

मग तिने विचारलं, हे नुसतं डासाचं नाही, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, माझ्या. निघून गेलं तोंडातून. तिने फाइलवर लिहिलं. काल परत गेले आणि खोडायला लावलं. आता तिथं लिहिलंय, मोठ्या भावाच्या.

ती म्हणाली, कुठे आहे तो भाऊ? औषधं सुरू झालीत, पण पुढे दुसऱ्याच्या हाडातला मगज चढवावा लागेल. माझा अर्धाच जुळतो. सख्ख्या भावाचा पुरता जुळू शकतो, नाहीही जुळणार. आधी नुसतं रक्त बघतात. चिमी म्हणते, दादाला कळवू नको, तुम्ही परत भांडाल. तू माझ्यासाठी येऊ नकोस, तिच्यासाठी ये. घरी पाऊल टाकायचं नसेल तर टाकू नकोस. सोमवारी सकाळी मोठ्या दवाखान्यात रक्त घेतात त्या खिडकीपाशी ये. मी समोर येणार नाही, जिन्याखाली थांबेन. तू बाही तेवढी वर कर.

तुझीच मारकुटी,
आई