न चुकलेला पाठ

गुरुजी,

आज सकाळपासून आमच्या हॉलमध्ये युद्ध चालू आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिते आहे. समोर फोन ठेवलाय. रोज सकाळी दुसरा चहा गाळता गाळता तो वाजतो. आज चहा गाळून झाला, गार झाला, त्याच्यावर साय धरली, फोन गप्पच आहे. तुम्ही गेलात तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच टीव्ही होता आणि तोही संध्याकाळी शेतकऱ्यांना खतांचे सल्ले देऊन वेळेवर झोपायचा. आताचा झोपत नाही. आपला डोळा लागला तर लोक दुसऱ्या वाहिनीकडे जातील, अशी त्याला धास्ती असते.

तुम्हाला माहीत नसलेलं आधी सांगते. मला एक मुलगी आहे. आखातातल्या एका मोठ्या शहरात नर्स आहे. दहावीला तिनंही संस्कृत घेतलं होतं, मार्कांसाठी. सगळेच मार्कांसाठी घेतात आणि माझा पगार त्यावरच चालतो, तेव्हा मी तक्रार करत नाही. त्या शहराच्या आसपास आता लढाई पेटली आहे. क्षेपणास्त्रं, तुम्हाला आवडला असता असा घसघशीत शब्द, त्या शहरावरून जातात आणि कधी कधी जात नाहीत, तिथंच पडतात. विमानतळ बंद आहे. तो उघडला तरी ती पेशंट टाकून येणार नाही, हे मला ठाऊक आहे, कारण हट्ट माझ्याकडूनच गेलाय. आमचे हे नवी पेठेतलं कापडाचं दुकान पुतण्याकडे सोपवून घरी बसलेत. हृदयात स्टेंट बसवल्यापासून डॉक्टरांनी त्यांना जिना, तूप आणि काळजी वर्ज्य केली आहे. पहिल्या दोन त्यांनी सोडल्या. तिसरीसाठी हातात रिमोट घेतलाय.

त्यामुळे दिवसभर माझ्या कानावर वाहिन्या पडतात आणि तुमची विद्यार्थिनी असल्यामुळे मी त्या नुसत्या ऐकू शकत नाही, तपासते. मराठी वाहिनीचा निवेदक स्टुडिओच्या फरशीवर रंगवलेल्या नकाशावर उभा असतो. बुटाखाली समुद्र येतो, एक पाऊल टाकलं की देश ओलांडतो. मागे हल्ल्याचा भोंगा वाजत असतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, भोंगा तिथलाच आहे, आणि मी हातातलं टाकून हॉलमध्ये धावले. मग मसाल्याची जाहिरात लागली तेव्हा भोंगा थांबला आणि जाहिरात संपल्यावर पुन्हा सुरू झाला. हिंदी वाहिनीवर आठ चौकटींत आठ माणसं एकदम बोलतात. तिथं सगळं भविष्यकाळात घडतं: नामशेष होणार, राख होणार. आपल्या मराठीत सगळं प्रश्नचिन्हात: महायुद्ध अटळ? शहर रिकामं? आणि परदेशातल्या इंग्रजी वाहिनीवर निळ्या जाकिटातला एक सभ्य माणूस गच्चीवर उभा राहून हळू आवाजात सांगतो की काही इमारतींवर आघात केला गेला आहे, जीवितहानी झाल्याचं सांगितलं जातं, खातरजमा केली गेलेली नाही. अख्खा कर्मणी प्रयोग. कर्ता कुठं गेला म्हणून शोधावं, तर तोवर हवामान सुरू होतं.

चौथी वाहिनी भिंतीपलीकडून येते. शेजारी पद्मशाली कुटुंब आहे, त्यांच्याकडे तेलुगू लागतं. त्या घरातल्या वहिनी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जातात. मुलीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय, त्यामुळे दुपारी जेवायला घरी आल्या की आधी आमच्या दारात उभ्या राहतात. परवा म्हणाल्या, "टीचर, आमच्यात विमानतळ चालू झाला म्हनालेत. तुमच्यात?" मी म्हटलं, आमच्यात बंदच आहे. "मग आमचंच लावा की," त्या म्हणाल्या, आणि आमचे हे खरंच तेलुगू लावून बसले. एक अक्षर कळत नाही, पण विमानतळ चालू होता ना.

मी माझ्या परीनं पोथ्या जुळवायला बसले. चार पोथ्या एकीवरूनच उतरवलेल्या असतील तर ते चार साक्षीदार नव्हेत, एकच, हे तुम्ही शिकवलं होतं. तर चारही वाहिन्यांवर एक जळती इमारत दाखवत होते. तीच इमारत, तोच डावीकडून पळत येणारा कुत्रा. एकीवर ते आमच्या मुलीचं शहर होतं, दुसरीवर शेजारचा देश, तिसरीवर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'संग्रहित'. चौथीवर तेलुगूत काय लिहिलं होतं ते वहिनी शिलाईवर गेल्यामुळे कळलं नाही. म्हणजे साक्षीदार एकटा तो कुत्रा.

या सगळ्या गोंधळात एकच पाठ स्थिर होता. सकाळी फोन यायचा, चेहरा दिसायचा, मागे पांढरी भिंत, आणि ती म्हणायची, "आई, जेवले, रूमवरच आहे, इथं काही नाही, टीव्ही बघू नका." दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या दिवशी तेच, त्याच क्रमानं. हॉलमध्ये दर तासाला शहर पडत होतं आणि उठत होतं, आणि इथं काना-मात्रेचा फरक नाही. मी निर्धास्त झाले, गुरुजी. हसू नका. तुमच्या ओसरीवर मुलं वेद म्हणायची ती शब्द पुढून मागून गुंफून, म्हणजे हजार वर्षांत एक स्वर हलू नये. जो हलत नाही तो खरा, हे मी तुमच्याकडून घेतलं आणि तीस वर्षं वर्गात वाटत आले. दुसऱ्या कुठल्याही आईनं पोरीचे डोळे बघितले असते. मी संहिता बघितली आणि आमच्या ह्यांना जाऊन ठामपणे सांगितलं, की काळजीचं काही कारण नाही, ती रोज तेच सांगते आहे.

मग परवा सकाळी ती बोलत असताना माझ्या लक्षात आलं की माझे ओठ तिच्याबरोबर हलतायत. तिच्या अर्धा शब्द पुढेच होते मी. आणि मी एकदम तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

मुलांना तुम्ही ओसरीवर घ्यायचात आणि मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, तिथं उजेड बरा असतो म्हणून. उजेड चुलीचा होता. तेवढं मी तुम्हाला कधीच माफ केलंय, कारण खरी शाळा तिथंच भरायची. पाठ म्हणून झाला की तो आपल्या शब्दांत काकूंना सांगायचा, ही तुमची रीत. काकू अक्कलकोटकडच्या, निम्मं कानडीत बोलायच्या. भाकरी थापत ऐकायच्या. त्यांचे हात थांबले नाहीत तर तुम्ही बाहेरून म्हणायचात, "तिला समजलं नाही. म्हणजे तुला." हात थांबवून त्यांनी काही विचारलं की पास. त्यांचे प्रश्न साधे असायचे. राजा रथातून उतरला, ते कळलं, पण घोड्याला पाणी कुणी दाखवलं? राणी दिवसभर रडली, मग सैपाक कुणी केला? मी मल्लिनाथाची टीका धुंडाळायचे आणि तुम्ही ओसरीवर खोकल्याच्या नावाखाली हसायचात.

त्या दिवशी मी अख्खा सर्ग पाठ करून आले होते. उंबऱ्यावर बसते आणि एका दमात म्हणते, कुठं श्वास चुकत नाही, कुठं विसर्ग गिळत नाही. मला वाटतं आता तुम्ही शाबास म्हणाल. तुम्ही ओसरीवरून उठून आत येता, जे तुम्ही कधी करत नाही, आणि माझ्यासमोर उकिडवे बसता. "साकु," तुम्ही म्हणता. पुरे. कानडीत रागवायचात तेव्हाच तुम्ही हा शब्द वापरायचात, पण आवाज रागाचा नाही. "तू रोज दोन ठिकाणी तरी चुकतेस. आज चुकली नाहीस, म्हणून मला शंका आली. घरी काय झालंय?" काकूंचे हात थांबले होते. आईला पहाटे दवाखान्यात नेलं होतं, मला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं, आणि मी रात्रभर तो सर्ग घोकत बसले होते, दुसरं काही डोक्यात येऊ नये म्हणून. काकूंनी फडक्यात भाकरी आणि शेंगाचटणी बांधली आणि तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत आलात, उन्हात, डोक्यावर पंचा घेऊन. आई वाचली. तो सर्ग मी नंतर कधीच बिनचूक म्हणू शकले नाही.

तर परवा फोनवर मी मुलीला काकूंचा प्रश्न विचारला. "जेवलीस ना? मग भाजी कसली होती गं?"

तिनं मान वळवून मागं बघितलं. तिच्याबरोबर मीही तिच्या मागच्या भिंतीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. कडेला एक खांब होता, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. असे खांब कुणाच्या रूमवर नसतात.

"आई," ती म्हणाली, "खाली आहोत आम्ही. गाड्या लावतात तिथं. वॉर्ड खाली आणलाय."

मग पाठ फुटला आणि ती आपल्या शब्दांत सांगायला लागली, मागचं पुढं, पुढचं मागं, मध्येच एखाद्या पेशंटची तक्रार. पहिल्याच दिवशी वॉर्डच्या काचा गेल्या. गाड्यांच्या जागी खाटा लावल्यात, सलाईनच्या बाटल्या छतावरच्या पाइपला बांधल्यात. ती एका डॉक्टरच्या गाडीत मागच्या सीटवर झोपते. हाताला काच लागली, टाके पडलेत, डावा आहे, काही अडत नाही. भाजी नाही. खजूर आणि बिस्किटं. "पण जेवले हे खोटं नव्हतं हं," ती म्हणाली, "खजूर पोटात जातोच की." कुणाची पोरगी आहे ते कळलं. फोन ठेवताना तिचा आवाज उतरला. "बाबांना सांगू नको. आणि रोज लागेलच असं नाही आता. इथं रेंज धरायला वर जिन्यापर्यंत यावं लागतं."

मला वाटायचं, शास्त्रातला आप्त म्हणजे जो जाणतो आणि ज्याला कुणाला फसवायचं नसतं, आणि त्याचंच वचन प्रमाण. तुम्ही ही व्याख्या सांगितलीत तेव्हा मी ती तशीच उतरवून घेतली. निवेदकाला काही माहीत नाही आणि त्याला मला घाबरवायचंय. पोरीला सगळं माहीत आहे आणि तिला मला घाबरवायचं नाहीये. दोघांनी मिळून मला एकाच जागी आणून बसवलं, या फोनपुढं. काकूंना हे सांगितलं असतं तर त्यांनी व्याख्येकडे लक्षही दिलं नसतं. विचारलं असतं, हाताचे टाके कोण काढणार?

ह्यांना मी सांगितलं नाही. तेव्हापासून पाठ मी म्हणते. काल म्हटला: जेवली, रूमवर आहे, तिथं काही नाही. हॉलमध्ये निवेदक ओरडत होता की त्या शहरात रुग्णालयाजवळ मोठा स्फोट, आणि खाली तेच प्रश्नचिन्ह होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या प्रश्नचिन्हाचा आधार वाटला.

आज फोन आलेला नाही. जिन्यापर्यंत यायला जमलं नसेल. मघाशी रुग्णालयाचं पुन्हा दाखवत होते, या वेळी इंग्रजी वाहिनीवर, निळ्या जाकिटातल्या माणसाकडून, खातरजमा झाली नसल्याचं सांगून. तो कधी ओरडत नाही, म्हणून त्याचीच भीती जास्त वाटते. तेवढ्यात ह्यांनी हॉलमधून विचारलं, "आला का फोन?"

"मेसेज आलाय," मी म्हटलं. "जेवली. रूमवरच आहे. काही नाही तिथं." कुठं श्वास चुकला नाही, गुरुजी.

टीव्हीचा आवाज थोडा कमी झाला. "भाजी काय होती म्हणे?"

मी त्यांना काकूंबद्दल कधी काही सांगितलेलं नाही. त्यांचं त्यांनाच सुचलं. "वांग्याची," मी म्हटलं, कारण आपल्याकडं तोंडात तेच पहिलं येतं.

"ती वांगं खात नाही," ते म्हणाले. मग टीव्ही बंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भिंतीपलीकडचं तेलुगू स्पष्ट ऐकू यायला लागलं. ते चपला ओढत आत आले, माझ्यासमोरचं स्टूल घेतलं, गार चहाची साय बोटानं बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला. कागदाकडं बघून म्हणाले, "पेपर तपासतेस ना? तपास. मी बसतो इथं." आणि फोन आमच्या दोघांच्या मधोमध सरकवला.

मी पेपर तपासत नाहीये, आणि खरं सांगायचं तर हे पत्रही नाही. तुमच्यापर्यंत जाणारी पेटी मला माहीत नाही. माझा हात थांबला तर ते विचारतील, म्हणून लिहिते आहे. सांगायचं मघाशीच संपलं. आता याच ओळीवरून पेन पुन्हा पुन्हा फिरवते आहे.