शकुनच्या बोलण्यासाठी फुकटचा कोर्स

६ ऑगस्ट २०१८, सोम.
नागपूरहून परत. शकुन गाडीत बसल्या बसल्या झोपली, डोकं सारखं खिडकीवर आदळत होतं. आठवड्यातून दोनदा आणा म्हणते ती वाचा-उपचारवाली मॅडम. गोंदिया ते नागपूर म्हणजे तिला काय बाजूची गल्ली वाटली? उपचार अर्धा तास, आणि त्याची दमणूक दोन दिवस पुरते.
लकव्यानं उजवा हात-पाय गेला होता, तो बराचसा परत आला. बोलणं नाही आलं. समजतं सगळं. तोंडातून मात्र एकच शब्द, "तेच." पाणी पाहिजे, तेच. भाजीत मीठ जास्त, तेच. मी चुकीचं आणलं की जोरात, तेच तेच.
मॅडम म्हणाली, घरच्या माणसानं, म्हणजे नवऱ्यानं, तिच्याशी बोलायचं कसं ते शिकून घेतलं पाहिजे. मी म्हटलं, मॅडम, माझी नोकरीच बोलण्याची होती. एस.टी. स्टँडवर माइक धरून जन्म गेला.
ती म्हणाली, "म्हणूनच."
म्हणूनच काय?

९ ऑगस्ट, गुरु.
पुण्याहून वैशालीचा फोन. आमची ही एकच मुलगी, आणि सगळं तिला गूगलवर आधीच समजलेलं असतं. "बाबा, याचा ऑनलाइन कोर्स आहे, घरच्या लोकांसाठी. तुमच्या लायब्ररीच्या मेंबरला फुकट. जा तुम्ही." माझ्या फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, त्यामुळे लायब्ररीचा कॉम्प्युटरच बरा, हेही तिनंच ठरवलं.
मग म्हणाली, "तसंही दिवाळीनंतर आईला मी इकडे नेते. इथं थेरपिस्ट आमच्या बिल्डिंगच्या बाजूलाच आहे. तुम्ही पण या."
चौथ्या मजल्यावर जाऊन मी काय करू. पाहू म्हटलं. शकुन बाजूलाच पालक निवडून राहिली होती, डाव्या हातानं. फोन स्पीकरवर होता.

११ ऑगस्ट, शनि.
लायब्ररी. जिना चढून वर गेलो. ग्रंथपाल बिसेन मॅडम म्हणाल्या, "काका, सर्वर डाउन है." कधी येईल? "पता नहीं." खाली येऊन पेपर वाचला. कोणीतरी शब्दकोडं पेननं भरून ठेवलेलं, तेही चूक.

२० ऑगस्ट, सोम.
आज सर्वर होता तर विजेची लाइन नव्हती. लाइन आली तेव्हा बिसेन मॅडमनी खातं उघडायला घेतलं. पासवर्ड टाकला, नाही म्हणे, एक अक्षर मोठं पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक ते चिन्ह पाहिजे. सगळं दिलं. मग मशीन विचारतं, तू माणूस आहेस का, असशील तर ज्या चौकोनांत बस आहे ते दाखव.
दाखवले. चूक. परत दाखवले. परत चूक.
मी म्हटलं, ही बस नाहीच, हा टेम्पो आहे. मॅडम म्हणाल्या, "काका, अमेरिका में इसी को बस बोलते होंगे." आरसा दिसला तर तो चौकोन धरायचा की नाही, यावर आमचा वाद. आयुष्य बसस्टँडवर गेलं आणि एक मशीन मला सांगून राहिलं की तुला बस ओळखता येत नाही.
शेवटी मॅडमनी केलं. माणूस ठरलो.

२८ ऑगस्ट, मंगळ.
पहिला धडा. एक गोरी बाई, चांगली हसतमुख, पण बोलते इंग्रजी आणि तेही घाईत. लकव्यानंतर बोलणं गेलेल्या माणसाशी निवांत बोला, हे ती सांगते इतक्या घाईनं. मॅडमनी खाली हिंदी अक्षरं लावून दिली. त्यात आलं, "प्रश्न विचारल्यावर रुग्णाला दहा सेकंद वजन द्या."
कसलं वजन? हातात द्यायचं का? व्यायाम असेल म्हणून मी लिहून घेतलं. घरी येऊन शकुनला प्रश्न विचारला आणि डाव्या हातात किलोचं माप दिलं. तिनं मापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माप खाटेखाली सरकवून दिलं.

३० ऑगस्ट, गुरु.
मॅडमना विचारलं. त्या हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी. इंग्रजीत वजन आणि थांबणं हे शब्द कानाला सारखेच लागतात म्हणे, ती अक्षरं मशीन आपोआप लिहितं. वजन नाही द्यायचं, थांबायचं आहे. दहा सेकंद गप्प.
करून पाहिलं. दहा सेकंद फार असतात. सातव्यालाच माझ्या तोंडून निघालं, "चहा पाहिजे का?"

५ सप्टें., बुध.
धड्यातली चित्रं कामाची नाहीत. ब्रेड भाजायचं यंत्र, बर्फ ओढायचं फावडं. शकुननं कधी पाहिलं ते? म्हणून पुठ्ठ्यावर मीच काढली. तवा, सूप, कोंबडी, धानाची पेंढी. कोंबडी जमली नाही.
संध्याकाळी समोर बसवलं. हे काय आहे, सांग. तवा. म्हण, त-वा. हे काय? सूप. म्हण. हे काय, शकुन, सांग ना, रोज पाहतेस.
तिनं स्टीलचा पेला उचलून फेकला. डाव्या हातानं, पण नेम बरोबर. कपाळाच्या बाजूनं गेला आणि भिंतीचा पोपडा निघाला.
मी पण ओरडलो. मग ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, मी ओसरीवर. भात करपला. कोणीच उठलं नाही.

१० सप्टें., सोम.
आजच्या धड्यात ती गोरी बाई म्हणते, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे तो प्रश्न विचारू नका. तो मोठा माणूस आहे, त्याची परीक्षा घेऊ नका. खरं काही विचारायचं असेल तरच विचारा.
हे पहिल्याच धड्यात सांगायला काय झालं होतं? पेला येण्याच्या आधी?
मॅडमना पोपड्याचं सांगितलं. त्यांनी नुसता पुढचा धडा लावून दिला. बाई समजदार.

१९ सप्टें., बुध.
लायब्ररीचे सचिव आज उगवले. पंच्याहत्तरी झाली असेल, केस काळे. म्हणतात, "मेश्रामजी, कॉम्प्युटर रूम काँपिटिशनवाले लड़कों के लिए है. सीनियर सिटिझन के लिए नीचे पेपर हैं ना."
मी म्हटलं, मी मेंबर आहे.
"हाँ, पर इस उमर में सर्टिफिकेट का क्या करोगे?"
मी उभा राहिलो. माइक नव्हता, पण त्याची गरजही पडली नाही. म्हटलं, "सर्टिफिकेट तुमाले देतो, फ्रेम करून लावा. मले बायकोसंग बोलाचं आहे. ते कायले अडवून राहिले?" खालच्या पेपरवाल्या लोकांनीही वर पाहिलं म्हणे. पोरांपैकी दोघं आपणहून खुर्ची सोडून उठले. सचिवांना ते आणखीच लागलं. नियम म्हणजे नियम, खोलीला कुलूप.
बिसेन मॅडमनी मला त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपाशी बसवलं. "यह ऑफिस का है, इसका नियम अलग है." आता मी धडा पाहतो आणि लोक माझ्या डोक्यावरून पुस्तकं परत करतात.

२९ सप्टें., शनि.
शेजारीण आली. शकुनसमोर बसून मला विचारते, "यांना काही समजते का हो?" मी म्हटलं, यांनाच विचारा. तर ती शकुनच्या कानाशी जाऊन ओरडली, "समजते का?" शकुन बहिरी नाही. कितीदा सांगायचं.
ती गेल्यावर शकुन माझ्या तोंडाकडे बोट करून म्हणाली, तेच. धड्याप्रमाणे घेतलं. आधी मोठा प्रश्न, मग लहान. माणसाबद्दल आहे? मान हलली, हो. शेजारणीबद्दल? नाही. माझ्याबद्दल? हो. मी बोललो ते चुकलं? नाही. तब्येत? नाही. बाहेर जाऊ? नाही, नाही. कपडे? तिनं हात हलवला, म्हणजे जवळपास. मग थांबलो. दहाच काय, किती सेकंद झाले असतील देव जाणे. तिनं आपल्या गालावरून खालीवर हात फिरवला.
दाढी.
हो म्हणाली मानेनं. इतकी हसली की ठसका लागला. मी बरेच दिवस केली नव्हती, कोण पाहतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माझा घाम निघाला. केली दाढी.

७ ऑक्टो., रवि.
वैशालीनं तिकीट काढलं. दिवाळीनंतरचं, तिचं आणि आईचं. आधी सांगितलं नाही, काढल्यावर सांगितलं.
मी म्हटलं, आईले इचारलं का?
"बाबा, आई सांगणार कशी?"
मी म्हटलं, सांगते ती. दाढीचं सांगितलं.
"दाढी आणि हे एक आहे का? इथं रोज थेरपी मिळेल तिला. तुम्ही लायब्ररीत जाऊन किती शिकणार? मला काय हौस आहे का बाबा, रात्रंदिवस जीव टांगला असतो माझा." रडायला लागली. तिचंही खोटं नाही. रोजची थेरपी ती रोजची थेरपी. माझ्याजवळ एक गोरी बाई आहे आणि तिच्याखाली चुकीची हिंदी.
फोन ठेवला. दिवसभर काही सुचलं नाही. वैशालीचा राग आला की स्वतःचा, ते पण समजलं नाही.

११ ऑक्टो., गुरु.
शेवटचा धडा. गृहपाठ असा, तुमच्या माणसाशी एका खऱ्या निर्णयाबद्दल बोला. काय झालं ते चार ओळींत लिहा, मग शेवटची टेस्ट उघडेल.
मी मॅडमना म्हटलं, आजच्या भाजीबद्दल बोलतो, तोही निर्णयच. मॅडमना पुण्याचं माहीत आहे. म्हणाल्या, "काका, भाजी का तो आप रोज पूछते हो."
नाही पूछत. आणतो आणि करतो.
खरं म्हणजे भीती वाटून राहिली. विचारलं आणि तिनं पुणे दाखवलं तर?

१५ ऑक्टो., सोम.
विचारलं. दोन कागद. एकावर मोठ्या अक्षरात गोंदिया आणि आमचं घर काढलं, दुसऱ्यावर पुणे आणि वै.चा फोटो लावला. टी.व्ही. बंद. समोर नाही, बाजूला बसलो, तसं सांगितलं आहे. दिवाळीनंतर तू कुठं राहायचं, शकुन. मी नाही सांगणार. वैशाली नाही. तू.
गप्प बसलो. बोटं चादरीत घट्ट धरून.
तिनं दोन्ही कागद पाहिले. वै.च्या फोटोवरून अंगठा फिरवला. घरावरून पण फिरवला. मग दोन्ही उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाली, तेच. हळूच. मी परत समोर ठेवले. तिनं परत बाजूला. तिसऱ्यांदा उलटे घालून त्यावर हात ठेवला, जोरात, तेच तेच.
काऊन? मी म्हटलं, एक तरी दाखव ना. आवाज चढलाच. सायकल काढून निघून गेलो, लायब्ररीत. सोमवार असून बंद. बोर्ड नाही, सूचना नाही, काही नाही. परत आलो.

१६ ऑक्टो., मंगळ.
मॅडमसोबत तो धडा परत पाहिला. "दुसरं काही" असा एक कागद ठेवायचा असतो म्हणे. तो मी ठेवलाच नव्हता. बाईनं सांगितलं होतं, माझ्या डोक्यावरून कोणीतरी पुस्तक परत करून राहिलं असेल तेव्हा.
टेस्ट शुक्रवारपर्यंत. मग खातं बंद होतं.

१७ ऑक्टो., बुध.
सकाळी तिसरा कागद ठेवला. त्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. तिनं पहिल्या दोन कागदांकडे पाहिलंच नाही, त्याच्यावर पूर्ण तळवा ठेवला. मग उठून आत गेली. मी म्हटलं, गेलं, झालं बोलणं. चहा मांडला.
आतून आवाज आला म्हणून पाहिलं तर खाटेवर बॅग. पांढरं लुगडं ठेवलेलं, एका हातानं कसंतरी घडी केलेलं. त्यावर माझा पांढरा सदरा. विचारलं, पुणे? मान नाही. तिच्या बहिणीकडे, सालेकश्याला? नाही. थांबलो. चहा उतू गेला, जाऊ दिला. तिनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट केलं आणि मग कॅलेंडरवर, उद्याच्या तारखेवर.
दीक्षाभूमी. उद्या दसरा, दरवर्षी नागपूरला जातो दोघं. यंदा या पायानं, त्या गर्दीत कुठं, म्हणून मीच सोडून दिलं होतं. तिच्याजवळ विषयही काढला नाही.
मी सगळं सांगितलं. गाडीत जागा मिळणार नाही, लोक दारात लटकून जातात. मान, हो. मैदानात बसायला धड जागा नाही. हो. तुला चालवणार नाही. त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला. दिवाळीनंतरचं विचारलं तर कागदांकडे पाहून हातानंच थोपवलं. नाही म्हणाली नाही, हो पण नाही. वै.ला काय सांगू, मला माहीत नाही.
बिसेन मॅडमला फोन केला, टेस्ट शुक्रवारच्या पुढे जाते का. "नहीं जाती, काका."
बॅगेची चेन अडकली होती, मी ओढून लावली. शकुन दारात बसली आहे, पायात चप्पल घालून, आणि माझ्या अनवाणी पायांकडे पाहून राहिली.
माझी दुसरी चप्पल सापडून नाही राहिली.