कार्ड मी बरोबर नेलंय

जेनिवाल,

क्रेडिट कार्ड शोधत बसू नकोस, ते माझ्याकडे आहे. काल औषधाच्या दुकानात आईच्या बीपीच्या गोळ्या घेताना ते चाललंच नाही. मागची रांग ऐकत असताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, दुसरं कार्ड आहे का?" गोळ्या तिथेच ठेवून आले.

घरी येऊन बिलं उघडली. चार महिने तू नुसती किमान रक्कम भरतोयस, आणि मी विचारलं की म्हणतोस, "भरलं गं सगळं." तू दीडशे रेआल भरतोस आणि व्याज दोनशे चढतं. असं कसं फिटणार?

बँकेत रांग लागते म्हणून तू उठायच्या आत निघालेय. कार्डाच्या सगळ्या थकबाकीचं कमी व्याजाचं एकच कर्ज करून घेते. ते माझ्या शिवणाच्या पैशांतून फेडू. यापुढे हप्त्यावर काही घ्यायचं नाही, चपलासुद्धा पैसे साठल्यावरच. आठवड्याच्या बाजाराचे दोनशे साखरेच्या बरणीमागे आहेत. ते संपले की संपले.

काल गॅरेजमध्येही फोन केला होता. तुझा मालक म्हणाला, "वहिनी, तो मे महिन्यापासून येतच नाही." मग रोज सहाला मी भरलेला डबा घेऊन तू कुठे जाऊन बसत होतास? व्याजापेक्षा मला याचा जास्त राग आलाय.

आज डबा भरलेला नाही. राजमा-भात झाकून ठेवलाय. घरीच बसून जेव.

इरासेमा